विमानातून उड्या मारणारे, त्यांचे जमिनीवरचे उद्योग आणि बंदुकीचं भांडण

होटगीकर (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. घर सोलापूरच्या होटगी रोडला, पोटापाण्यासाठी मुक्काम अमेरिकेत अ‍ॅरिझोनात. सुट्टीच्या दिवशी फिनिक्स आणि टुसानच्या मधल्या ईलॉय गावी जातो आणि विमानातून उड्या मारतो. आईला अजून "पोरगा कुठल्याशा क्लबात जातो" एवढंच माहीत आहे, तेव्हा ओळखीच्यांनी कृपा करून गप्प बसावं.

उडीबद्दल सगळेच विचारतात आणि त्यात सांगण्यासारखं थोडंच असतं. तेरा हजार फुटांवरून बाहेर पडायचं, मिनिटभर ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली यायचं, पॅराशूट उघडायचं, उतरायचं. मला लिहायचंय ते बाकीच्या वेळाबद्दल, कारण दिवसातला बहुतेक वेळ जमिनीवरच जातो. वारा वाढला की विमान उभं राहतं. एकट्याने उडी मारणाऱ्या शिकाऊंना ताशी १४ मैलांच्या वर वारा असला की सोडतच नाहीत. उन्हाळ्यात दुपारी वाळवंटात वावटळी उठतात, त्यातली एखादी उतरण्याच्या मैदानावर फिरायला लागली की जुनेजाणतेही टेबलाखालून खुर्ची ओढून बसतात. मग पत्र्याच्या शेडखाली गप्पा.

तिथे कळतं की या लोकांना एक छंद कधी पुरतच नाही. मोटारसायकलवाले आहेत, कडे चढणारे आहेत. स्कूबावाले आहेत, ते समुद्रावरून आले की निदान दिवसभर विमानात चढत नाहीत, कारण रक्तातला नायट्रोजन उंचीवर त्रास देतो. एक आडदांड दाढीवाला रिगर आहे, म्हणजे राखीव पॅराशूट घडी करून सील करणारा परवानाधारक. तो रिकाम्या वेळात गोधड्या शिवतो. चेष्टा नाही, तिकडे गोधडीच्या जत्रा भरतात आणि हा त्यात बक्षिसं मिळवतो.

आणि बंदुका. सूर्य कलला की निम्मी मंडळी गाड्या काढून नेमबाजीच्या रेंजवर. अ‍ॅरिझोनात २०१० पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला कपड्याआड पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. हीच मंडळी उड्यांसाठी कॅलिफोर्नियात पेरिसला निघाली (हे पॅरिस नव्हे) की आधी मॅगझिनं (बंदुकीतले गोळ्या भरायचे कप्पे) काढून घरी ठेवतात, कारण दहापेक्षा जास्त गोळ्यांचं तिथे चालत नाही. त्या दिवशी शेडखाली भांडण पेटलं ते इथूनच.

एक निवृत्त सैनिक म्हणाला, "मी उडी मारताना सरकारला विचारत नाही. माझा जीव, माझा निर्णय. बंदुकीचंही तेच." समोर एक नर्स होती, ती अपघात विभागात काम करते आणि आमच्यात सगळ्यात सुंदर उडते. ती म्हणाली, "तुझी उडी चुकली तर मी तुला उचलायला येते. तुझ्या बंदुकीची गोळी चुकली तर मी दुसऱ्याच कुणाला तरी उचलते." तिथून जे सुरू झालं ते वारा पडून विमान सुरू झालं तरी थांबेना. दोघं एकाच फेरीत वर गेले, एकमेकांच्या पाठीवरच्या पिना तपासल्या आणि खाली येऊन पुन्हा भांडायला लागले.

मला त्या नर्सचं पटतं. पण नुसतं पटून भागत नाही, कारण तो सैनिक मूर्ख नाही. तुमचं काय म्हणणं? आपल्याकडच्या परवान्यांचा अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा.

पेठेतला (शनिवार, रात्री ११:५८)

काय बे होटग्या, इथे नवी पेठेत स्कूटर लावायला जागा मिळेना आणि तू आकाशातनं उतरायला मैदान शोधायलाय. लई भारी. काकूंना लिंक पाठवू का?

शेंगाचटणी (रविवार, सकाळी ७:१०)

वाचतेय. पुढचे भाग येऊ देत. तो गोधडीवाला फार आवडला, त्याच्यावर वेगळा धागा काढा.

पिना तपासल्या ते नीट सांगाल का? मला वाटतं तुमच्या वादाचं उत्तर तिथेच आहे.

मागवाला (रविवार, सकाळी ८:३५)

बंदुकीचं मला कळत नाही. आमचा धंदा कापडाचा, घरात आधी चादरीचे माग होते, आता गणवेश शिवतो. पॅराशूटचं कापड कसलं असतं? शिलाई कुठली? बारटॅक (ताण येतो तिथला दाट, पक्का टाका) मारतात का?

होटगीकर (रविवार, सकाळी ९:०५)

@मागवाला, नायलॉन. ताण्या-बाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा टाकून चौकटी केलेल्या असतात, म्हणजे फाटलं तरी चीर चौकटीपाशी थांबते. मुख्य पॅराशूटच्या कापडावर सिलिकॉनचा लेप असतो, त्यातून हवा आरपार जात नाही. नवं असताना ते इतकं निसरडं असतं की घडी घालताना माणूस त्यावर अक्षरशः झोपतो. राखीव पॅराशूटला सहसा लेप नसलेलं कापड, कारण ते घडी घालायला सरळ आणि उघडायला भरवशाचं. आणि हो, बारटॅक मारतात, दोऱ्या जोडतात तिथे. तुमच्या पँटच्या पट्ट्याच्या लुपांवर असतो तोच. दाढीवाल्याला सोलापूरच्या गणवेश कारखान्यांबद्दल सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला, मशीन कुठली वापरतात.

@शेंगाचटणी, पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात आणि दोन्हींची झाकणं पिनांनी बंद असतात. स्वतःच्या पाठीवरची पिन स्वतःला दिसत नाही, म्हणून विमानात चढण्याआधी आणि दाराकडे सरकण्याआधी दुसऱ्याकडून बघून घ्यायची. कायद्याने नाही, रिवाजाने.

कायदा खरं तर तुटपुंजा आहे. अमेरिकेत उडी मारायला सरकारी परवाना लागतच नाही. विमान खात्याचा नियम मुख्यतः विमानाबद्दल, हवाई हद्दीबद्दल आणि पॅराशूटच्या घडीबद्दल बोलतो: राखीव पॅराशूट प्रमाणित रिगरने १८० दिवसांच्या आत घडी केलेलं हवं. बाकी अ, ब, क, ड लायसन्स उड्या मारणाऱ्यांच्या संघटनेचे, अनुक्रमे किमान २५, ५०, २०० आणि ५०० उड्यांना. वटवाघळासारखा विंगसूट घालायचा तर आधी २०० उड्या. हे कुणी मंत्र्याने लादलेलं नाही, मेलेल्यांचे अहवाल वाचून जिवंत असलेल्यांनी ठरवलंय.

नऊवारी (रविवार, सकाळी ११:२०)

उड्यांचा विषय आहे आणि शीतल महाजनांचं नाव नाही? पुण्याच्या. २००४ मध्ये त्यांनी आयुष्यातली पहिली उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, तापमान उणे ३७. पद्मश्री २०११. २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली (माझं इथलं नाव त्यांच्यावरूनच) आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर. त्यांच्याही आधी रेचेल थॉमस, १९७९ पासून उड्या मारत होत्या. हवाई दलाची आकाशगंगा तुकडी १९८७ ची. तेव्हा हे काही फक्त गोऱ्यांचं खूळ नाही.

आपल्याकडे मात्र नागरिकाला हौसेने उडी मारायची तर हरियाणात नारनौलजवळ जावं लागतं. सोलापुरात आता विमानतळ सुरू आहे, त्यासाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं. मैदान, कोरडी हवा, मोकळं आभाळ सगळं आहे. होटगीकर, परत या आणि काढा क्लब.

पेठेतला (रविवार, सकाळी ११:२६)

चिमणीचा विषय काढू नका ताई. धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि बंदुका खरंच निघतील.

बाराबोअर (रविवार, दुपारी ३:१५)

परवानाधारक आहे, उत्तर सोलापूर तालुक्यात शेती, म्हणून लिहितो. वडिलोपार्जित बाराबोअर बंदूक आहे.

अमेरिकेत हक्क आहे, आपल्याकडे परवाना आहे. फरक एवढाच, पण त्यात सगळं आलं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय एकवीस पूर्ण. कारण द्यायचं, पोलिसांचा अहवाल येतो, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण, घरी कुठे आणि कसं ठेवणार ते. परवान्याला देशभरात एकच ओळख क्रमांक. आधी तीन हत्यारं ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीने दोन झाली. सरकारने विधेयक आणलं तेव्हा एकच म्हटलं होतं, आरडाओरडा झाल्यावर दोन केलं. ज्यांच्याकडे आजोबांची, वडिलांची आणि स्वतःची अशी तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली, ते बरं झालं. त्याच दुरुस्तीत वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फार आधी व्हायला हवं होतं. वर गेलेली गोळी खाली येते हे नवरदेवाच्या मित्रांना कोण सांगणार.

उपयोग काय म्हणाल तर खरं सांगतो, काही नाही. नान्नज-मार्डीकडे काळविटांचे कळप ज्वारी साफ करतात. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत. बंदूक उचलायचा विचारही करायचा नाही, आणि माळढोकाच्या अभयारण्याशेजारी राहून तो करूही नये. राखण पोरं फटाके आणि पत्र्याचे डबे वाजवून करतात. बंदूक भिंतीवर. आमच्या आईला मात्र ती असल्याशिवाय वस्तीवर झोप येत नाही, आता त्याला काय करणार.

चारपुतळा (रविवार, सायंकाळी ६:४५)

काकांच्या "तिकडे हक्क, इकडे परवाना" याला थोडा इतिहास जोडतो. हा परवाना आपल्या डोक्यातून निघालेला नाही. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनचा. अठराशे सत्तावन्नच्या उठावाचा धसका होताच, आणि त्यात युरोपियनांना सूट, आपल्याला बंदी. म्हणून स्वातंत्र्य चळवळीत हा मोठ्या अपमानाचा मुद्दा होता. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगायचा हक्क घातला होता, नियमांच्या अधीन राहून. किती जणांना माहीत आहे? पुढे संविधान सभेत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली.

आता आपल्या गावाचं बघा. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांचा अंमल काही दिवस उरला नव्हता, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले, आपले चार पुतळे त्यांचेच. तो अमेरिकन सैनिक म्हणेल, बघा, लोकांकडे बंदुका असत्या तर. मी म्हणतो, असत्या तर मार्शल लॉ आदल्याच दिवशी आला असता आणि पुतळे चारच राहिले नसते. पण कराचीचा ठराव लिहिणारे लोक आपल्याइतकेच शहाणे होते, एवढं विसरू नका.

दाखलेबाज (रविवार, रात्री ९:३०)

भावना पुरे, आकडे बघा. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या, मृत्यू १०. बंदुकीने २०२१ मध्ये ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त! म्हणजे सैनिकदादांचा "चोर घरात शिरला तर" हा मुद्दा बाजूलाच राहतो. घरातली बंदूक सगळ्यात जास्त घरातल्याच माणसावर चालते.

उपाय आहेत. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलं बंद केली. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर १९९६ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. अमेरिकेत मात्र दुकानदाराने गिऱ्हाईक तपासायचं आणि एका राज्यातल्या दोन माणसांनी आपसात विकली तर केंद्राचा कायदा ती तपासणी मागत नाही. होटगीकर, तुमच्या सैनिकाला राखीव पॅराशूट दर १८० दिवसांनी दुसऱ्याकडून घडी करून घ्यावं लागतं, ते चालतं. मग बंदुकीच्या वेळीच कसला स्वाभिमान?

होटगीकर (रविवार, रात्री १०:५०)

@दाखलेबाज, हे मी त्याला जसंच्या तसं विचारलं. त्याचं उत्तर ऐका. १९९१ मध्ये एका जर्मन कंपनीने सायप्रेस नावाचं यंत्र आणलं. माणूस बेशुद्ध झाला किंवा भान विसरला आणि साधारण ७५० फुटांवरही ताशी ७८ मैलांपेक्षा जास्त वेगाने पडत असला, तर ते आपोआप राखीव पॅराशूट उघडतं. तेव्हाच्या जुन्या खोडांनी त्याला नाकं मुरडली. यंत्रावर विसंबणारा उडी मारायच्या लायकीचा नाही म्हणे. आज जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर ते आहे. पण एकट्याने उडी मारणाऱ्या परवानाधारकाला सरकारने आजही त्याची सक्ती केलेली नाही, सक्ती फक्त पाहुण्याला पोटाशी बांधून नेणाऱ्या टँडेमला. सैनिक म्हणतो, "बघ, सक्ती नव्हती म्हणूनच आम्ही ते स्वीकारलं. बंदुकीची तिजोरी, कुलूप, प्रशिक्षण हे सगळं मी करतो. मला पोलिसाने करायला लावू नका."

यावर नर्सने टँडेमच पकडलं. ती म्हणाली, "पाहुणा पोटाशी आला की लगेच सक्ती आली ना? कारण तेव्हा जीव दुसऱ्याचा असतो. बंदूक नेहमीच टँडेम असते." शेडमध्ये दोन क्षण कुणी बोललं नाही, आणि आमच्या शेडमध्ये हे सहसा घडत नाही.

पण मी मुद्दाम तिलाही टोचलं. "माझा जीव, माझा निर्णय" हे उडीतही निखळ खरं नाही. हल्ली बरेच मृत्यू पॅराशूट न उघडल्याने होत नाहीत. पॅराशूट उत्तम उघडलेलं असतं, आणि उतरताना कुणीतरी जमिनीलगत जोरात वळण घेतं. कधी दोन पॅराशूट एकमेकांत घुसतात, आणि त्यात चूक एकाची असते, जातात दोघं. म्हणून वेगाने झेपावत उतरणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळं मैदान दिलंय. सैनिक स्वतः तो नियम इतका कडक पाळतो की बेदरकार वळण घेतलेल्या पोराला त्याने दिवसभरासाठी खाली बसवलं होतं. म्हणजे नियम त्याला नको असतात असं नाही. नियम करणारा माणूस त्याला ओळखीचा हवा असतो, ज्याने स्वतः उडी मारलीय असा. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. दोनशे माणसांच्या मैदानावर हे जमतं. तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात कुणी कुणाची पिन तपासायची?

शेंगाचटणी (सोमवार, सकाळी ७:०५)

"बंदूक नेहमीच टँडेम असते" याला शंभरदा +१. नर्सताईंना माझा नमस्कार कळवा.

संचालक (सोमवार, सकाळी १०:००)

चिमणीवरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर राहा.

सातरस्ता (सोमवार, दुपारी १:४०)

अवांतर आहे, पण इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (हे खरं पॅरिस) कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकल्यापासून आमच्या चिरंजीवांनी रायफलचा हट्ट धरलाय. आठवीत आहे. छऱ्याची बंदूक घरात आणली तर परवाना लागतो का? त्याचे बाबा म्हणतात लागतो, दुकानदार म्हणतो लागत नाही.

बाराबोअर (सोमवार, दुपारी ४:२०)

@सातरस्ता ताई, दोघंही अर्धे बरोबर. २०१६ च्या नियमांप्रमाणे .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरची हवाई बंदूक, जिची ताकद २० ज्यूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. त्याहून दांडगी असेल तर लागतो. म्हणून घेताना बिलावर आणि डब्यावर ज्यूल लिहिलेत का ते बघा. दहा मीटरच्या स्पर्धा ४.५ च्याच असतात. कुसाळेची स्पर्धा पन्नास मीटरची, तिची .२२ रायफल, ती आगीची बंदूक, तिला परवाना. शाळेत एनसीसी असेल तर त्यात घाला, तिथे .२२ शिस्तीत हाताळायला मिळते. आणि छऱ्याने डोळा जातो, कबुतर मरतं. गच्चीवर सोडू नका.

सातरस्ता (सोमवार, दुपारी ४:५५)

आभारी आहे काका. एनसीसी आहे शाळेत. बाबांना ज्यूल दाखवते.

होटगीकर (मंगळवार, सकाळी ६:३०)

शेवटचं अपडेट, मग कामाला लागतो. काकांचा परवान्यावरचा प्रतिसाद मी काल सैनिकाला इंग्रजीत वाचून दाखवला. प्रशिक्षण, डॉक्टरचा दाखला, तिजोरी, वरातीतल्या गोळीबाराला कैद, सगळ्याला तो मान हलवत होता. देशभर एकच ओळख क्रमांक म्हटल्यावर ताडकन उठला. त्यांच्याकडे १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवहीच ठेवायला मनाई केलीय. त्याचं म्हणणं, एकदा यादी झाली की सरकार एक दिवस यादी घेऊन दारात येतं. मी म्हटलं, भारतात यादी आहे, कुणी आलेलं नाही. बरोबर ना काका?

बाराबोअर (मंगळवार, सकाळी ९:१०)

आता पंचाईत केलीस. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा. समिती ठरवते कुणाची घ्यायची, बँकेचे रखवालदार आणि नेमबाज खेळाडू यांना सूट असते, पण आमच्यासारखे बहुतेक जण जमा करतात. २०२४ मध्ये लोकसभेला दिली, परत आणली, तेल लावून भिंतीवर टांगली, तोवर विधानसभा. म्हणजे तुझ्या सैनिकाला ज्याची भीती वाटते ते आमच्याकडे निवडणूक आली की होतं, आणि आम्ही रांगेत उभं राहून करतो.

दाखलेबाज (मंगळवार, सकाळी ९:३२)

पण परत मिळते की नाही? त्याच्या भीतीत परत मिळणं बसतच नाही, तेच त्याला सांगा.

चारपुतळा (मंगळवार, सकाळी ९:५०)

परत मिळते कारण निकालानंतर सत्तेवर कुणीही आलं तरी ठाण्यातली नोंदवही तीच राहते. तसा भरवसा त्याला वाटत नाही आणि आपल्याला वाटतो. १९३० साली सोलापुरात विचारलं असतं तर आपल्यालाही वाटला नसता.

बाराबोअर (मंगळवार, सकाळी १०:१५)

मिळते, पावती असते. परवान्याचा आणि पावतीचा फोटो टाकू का इथे? होटगीकर, त्याला दाखव. नंबर झाकतो.

संचालक (मंगळवार, सकाळी १०:१८)

काका, नंबर झाकूनसुद्धा नको. शस्त्र परवान्याची कागदपत्रं या संकेतस्थळावर टाकता येणार नाहीत.